प्रवासातले काय आधी पक्के करावे आणि काय वाटेवर सोडावे

सांगलीच्या एखाद्या घरात दिवाळीच्या सुट्टीत हंपीला जायचे ठरले की लगेच दोन पक्ष पडतात. एकाला निघण्याआधी प्रत्येक रात्रीचा मुक्काम, प्रत्येक तिकीट आणि शक्य झाल्यास जेवणाची ठिकाणेसुद्धा ठरलेली हवी असतात. दुसऱ्याचे म्हणणे असते की गाडी आपली आहे, रस्ता चांगला आहे, जिथे दिवस मावळेल तिथे लॉज पाहू. हा वाद स्वभावावर ढकलून सोडून दिला जातो आणि मग घरात ज्याचा शब्द चालतो त्याच्या पद्धतीने सहल होते. प्रत्यक्षात एकाच प्रवासात काही गोष्टी आधी ठरवल्याशिवाय मिळतच नाहीत, काही फार आधी ठरवल्या तर पैसे अडकतात, आणि काहींना कसेही केले तरी फरक पडत नाही. म्हणून प्रवासाचे भाग पाडून प्रत्येक भागाचा निर्णय वेगळा कसा घ्यावा, हे सातारा-सांगली भागातून निघणाऱ्यांच्या सोयीसाठी येथे मांडत आहे.

सुरुवातीला एका कागदावर प्रवासाचे भाग उतरवून काढावेत: जाणे, येणे, प्रत्येक रात्रीचा मुक्काम, जिथे परवाना, पास किंवा दर्शनाची वेळ घ्यावी लागते अशी ठिकाणे, आणि तिथे पोचल्यावर फिरण्यासाठी लागणारे वाहन. मग प्रत्येक भागापुढे दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. ही गोष्ट मोजकी आहे का, म्हणजे उशीर केला तर ती संपते का, हा पहिला प्रश्न. आणि ती मिळाली नाही तर तिच्याऐवजी काय करता येईल, हा दुसरा. साताऱ्याहून स्वारगेटला जाणारी विनाथांबा गाडी भरली तर थोड्या वेळाने दुसरी लागते, त्यामुळे एरवीच्या दिवशी तिचे आरक्षण करून फारसे काही साधत नाही. मिरजेहून तिरुपतीला जाणाऱ्या हरिप्रिया एक्सप्रेसची जागा मिळाली नाही तर मात्र सगळा बेतच अडचणीत येतो, कारण दर्शनाचे तिकीट ठरावीक दिवसाचे आणि ठरावीक वेळेचे असते. ज्या भागापुढे 'मोजकी आहे' आणि 'पर्याय नाही' अशी दोन्ही उत्तरे येतील तो भाग सगळ्यात आधी पक्का करावा, आणि त्याची तारीख हाती आल्यावरच इतर भागांना हात लावावा. पुष्कळ जण नेमके उलटे करतात. मोबाईलवर दोन मिनिटांत होते म्हणून आधी हॉटेल घेतात, आणि गाडीची जागा किंवा दर्शनाची वेळ त्या तारखेला उपलब्ध नाही हे नंतर कळते.

खुंट पक्का आणि दावे लांब असले की जनावर हवे तिकडे चरते आणि संध्याकाळी जागेवर सापडते. प्रवासाची आखणीही तशीच असावी. पक्क्या केलेल्या गोष्टी थोड्या, पण खरोखर पक्क्या असाव्यात, आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा भरपूर असावी.

तारखा पाहताना आपल्याच दिनदर्शिकेवर थांबू नये, ही सूचना मला विशेष महत्त्वाची वाटते. आपल्याला साधा वाटणारा दिवस जिथे जायचे तिथल्या लोकांच्या सुट्टीचा असू शकतो. १ नोव्हेंबर हा कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस असतो. तो शनिवार-रविवारला जोडून आला आणि शेजारी दिवाळीही असली तर हंपी, बदामी, कूर्ग या ठिकाणी बंगळुरूकडची गर्दी लोटते. दिवाळीच्या पाडव्यानंतर महाबळेश्वर आणि पाचगणी गुजरातमधून आलेल्या पर्यटकांनी भरून जातात, त्यामुळे साताऱ्याहून 'जवळच तर आहे' म्हणून ऐनवेळी मुक्कामाला निघालेल्यांना खोली मिळणे अवघड होते. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण या मार्गाने जाते तेव्हा त्या बाजूची वाहतूक वळवलेली असते आणि पंढरपुरात तर आठवडाभर आधीपासून जागा नसते. गावोगावच्या यात्रा, लग्नसराई आणि मे महिन्याची सुट्टी यांचाही असाच विचार करावा.

रेल्वेच्या तिकिटाचे गणित

लांबच्या प्रवासात सगळ्यात आधी संपते ते रेल्वेचे तिकीट. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. ही मोजणी आपण गाडीत चढतो त्या तारखेपासून होत नसून गाडी आपल्या मूळ स्थानकावरून ज्या तारखेला सुटते त्या तारखेपासून होते, आणि आपल्याकडच्या प्रवाशांनी हे नीट लक्षात ठेवले पाहिजे. उदाहरणार्थ, गोवा एक्सप्रेस दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन स्थानकावरून दुपारी सुटते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साताऱ्याला येते. १० तारखेला साताऱ्यात चढायचे असेल तर गाडीची तारीख ९ धरली जाते, साठ दिवस त्या ९ तारखेपासून मागे मोजायचे, आणि तत्काळ आरक्षण ९ तारखेला न उघडता ८ तारखेलाच उघडते. हे ठाऊक नसलेला माणूस आदल्या दिवशी सकाळी मोबाईल घेऊन बसतो आणि तत्काळच्या जागा कालच संपल्याचे पाहतो.

दुसरी अडचण मधल्या स्थानकांची आहे. सातारा आणि कराड ही बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांची मधली स्थानके असल्यामुळे तेथून काढलेल्या तिकिटाला अनेकदा पूल्ड कोटा, म्हणजे मधल्या अनेक स्थानकांना मिळून ठेवलेल्या जागा, लागतो. हा कोटा लहान असतो. तिकिटावर पीक्यूडब्ल्यूएल अशी अक्षरे आली तर ती या कोट्याची प्रतीक्षा यादी असते आणि ती हळू सरकते. मूळ स्थानकावरून काढलेल्या तिकिटाच्या जीएनडब्ल्यूएल, म्हणजे सर्वसाधारण प्रतीक्षा यादीत जागा पक्की होण्याची शक्यता त्या मानाने बरी असते. म्हणून कोल्हापूरहून सुटणाऱ्या गाडीत साताऱ्याहून जागा दिसत नसेल तर कोल्हापूरपासूनच्या तिकिटाची उपलब्धता पाहावी आणि तिकीट काढतानाच चढण्याचे स्थानक म्हणून सातारा निवडावे. भाडे थोडे अधिक पडते, पण ही पद्धत पूर्णपणे नियमात बसणारी आहे. चढण्याचे स्थानक नोंदवायला मात्र विसरू नये, कारण तसे केले नाही आणि कोल्हापूरला आपण चढलो नाही तर ती जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते. सांगलीकरांना एक सोपी सोय आहे: मिरज जंक्शन हाकेच्या अंतरावर असल्यामुळे शोध नेहमी सांगली आणि मिरज अशा दोन्ही स्थानकांवरून घ्यावा. मिरजेला पुणे, कोल्हापूर, पंढरपूर आणि बेळगाव अशा चारही दिशांचे मार्ग एकत्र येतात, त्यामुळे तेथे पर्याय जास्त मिळतात.

तत्काळ ही वाटेत आरक्षण करण्याची सरकारी सोय आहे असे समजून काही जण सगळा बेत तिच्यावर टाकतात, आणि ते मला योग्य वाटत नाही. वातानुकूलित वर्गाचे तत्काळ आरक्षण सकाळी १० वाजता आणि शयनयान वर्गाचे ११ वाजता उघडते. एका तिकिटावर जास्तीत जास्त चारच प्रवासी घेता येतात. पक्के झालेले तत्काळ तिकीट रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत. आणि जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधारशी जोडलेले खाते आवश्यक झाले आहे. याचा अर्थ असा की सहा जणांच्या कुटुंबाला दोन वेगळी तिकिटे काढावी लागतील आणि त्यातले एक मिळून दुसरे न मिळण्याचा संभव राहील. एकट्यादुकट्या माणसाने तत्काळवर विसंबून राहायला हरकत नाही. घरातली सगळी मंडळी बरोबर असताना तसे करू नये. आपले खाते आधारशी जोडलेले आहे की नाही हे आजच पाहून ठेवावे, कारण गरज पडते तेव्हा त्यासाठी वेळ नसतो.

ऑनलाइन काढलेले तिकीट चार्ट तयार झाल्यावरही पूर्ण प्रतीक्षेत राहिले तर ते आपोआप रद्द होऊन पैसे खात्यात परत येतात आणि त्या तिकिटावर प्रवास करता येत नाही. आरएसी असेल, म्हणजे पूर्ण बर्थ नसला तरी बसायची जागा मिळाली असेल, तर मात्र गाडीत बसता येते. म्हणून प्रतीक्षेतले तिकीट हातात असताना त्याच्या भरवशावर परत न मिळणाऱ्या पैशांचे हॉटेल घेऊ नये.

एसटी, खासगी बस आणि मोकळा प्रवास

राज्यातल्या राज्यात फिरताना आखणीची गरज बरीच कमी होते, आणि त्याचे श्रेय मुख्यतः एसटीला द्यावे लागेल. वाटेत ठरवत जाणाऱ्यांसाठी महामंडळाची 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना १९८८ पासून चालू आहे. चार किंवा सात दिवसांचा पास घ्यायचा आणि त्या मुदतीत राज्यभर हव्या त्या मार्गावर फिरायचे, असे तिचे स्वरूप आहे. कराड-पाटण-कोयनानगर-चिपळूण असा कुंभार्ली घाट उतरून कोकणात जायचे, मन रमेल तिथे राहायचे आणि आंबा घाटाने वर कोल्हापूरला यायचे, अशा फेरीला हा पास फार उपयोगी पडतो. पास म्हणजे भाडे भरलेले असते, जागेची हमी मात्र नसते. म्हणून गर्दीच्या दिवशी पासधारकानेही लांबच्या गाडीचे आरक्षण पाहावे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास विनामूल्य झाला आहे, त्यामुळे घरातल्या प्रत्येकासाठी डोळे मिटून पास घेण्याआधी सुटी तिकिटे किती पडतील याचा हिशेब करावा. अनेक कुटुंबांत फक्त एक-दोन पुरुषांनाच पास परवडतो असे दिसेल.

एसटीच्या भरवशावर मोकळे फिरताना एक सवय लावून घ्यावी. गावात उतरल्याबरोबर, चहा घेण्याआधी, स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकांना दोन गोष्टी विचारून ठेवाव्यात: परतीची किंवा पुढच्या गावाची शेवटची गाडी किती वाजता आहे, आणि या गावाला मुक्कामी गाडी येते का. मुक्कामी गाडी रात्री गावात थांबून पहाटे तालुक्याला परत निघते, त्यामुळे आडगावी राहायचे ठरले तर सकाळी निघण्याची सोय त्यातून कळते. फलकावरचे वेळापत्रक जुने असू शकते. नियंत्रकांनी सांगितलेली वेळ खरी धरावी.

याच एसटीचा प्रवास रविवारी संध्याकाळी पूर्ण वेगळा असतो. सातारा स्टँडवर पुण्याच्या विनाथांबा गाडीची रांग फलाटाच्या कडेने वळून मागे जाते, पाठीवर बॅगा आणि हातात घरून दिलेल्या डब्यांच्या पिशव्या घेतलेली शिकणारी आणि नोकरी करणारी मुले त्या रांगेत उभी असतात, आणि गाडी लागली की रांगेतले पहिले चाळीसएक जण तेवढे बसतात. एरवी आरक्षण अनावश्यक असलेला हाच मार्ग त्या तीन-चार तासांपुरता मोजका होतो. तेव्हा एखादी गोष्ट मोजकी आहे का, हा प्रश्न नेहमी वार आणि वेळ धरून विचारावा. सणासुदीला खासगी बसचा विचार करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्णयानुसार खासगी बसला त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त आकारता येत नाही. त्याहून अधिक मागणी झाली तर तिकीट जपून ठेवून परिवहन विभागाकडे तक्रार करता येते.

जिथे आत जाणेच मोजके असते

काही ठिकाणी तिकिटापेक्षा आणि खोलीपेक्षा प्रवेशच दुर्मीळ असतो, आणि तिथे सगळी आखणी त्या प्रवेशाभोवती करावी लागते. तिरुमलाच्या ३०० रुपयांच्या विशेष प्रवेश दर्शनाची तिकिटे महिनावार कोट्याने बऱ्याच आधी ऑनलाइन खुली होतात. आधी ती घ्यावीत आणि मग हरिप्रियाचे साठ दिवस मोजावेत. ताडोब्याची सफारीही आधी नोंदवावी लागते. शिवाय ते मंगळवारी बंद असते आणि गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद राहते. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. साप्ताहिक सुट्टीचा दिवस पाहणे ही अगदी साधी गोष्ट आहे, तरी हजार किलोमीटर जाऊन बंद दारापुढे उभे राहिलेले लोक दर आठवड्याला दिसतात. युरोपला जायचे असेल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो, आणि अर्जासोबत प्रवासाचा आराखडाही मागितला जातो. तिथे 'जाऊन पाहू' या पद्धतीला वावच नाही.

आपल्याकडचा वासोटा हे त्याचे घरचे उदाहरण आहे. किल्ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, पावसाळ्यात बंद असतो, बामणोलीहून वनविभागाची परवानगी घेऊन शिवसागर जलाशयातून बोटीने जावे लागते, आणि वर मुक्काम करता येत नाही. बोट संपूर्ण ठरवावी लागते, म्हणून दोघे-तिघेच असाल तर आणखी मंडळी जमवून खर्च वाटून घ्यावा लागतो. हे सगळे त्याच दिवशी जाऊन जमवता येते, पण फक्त मधल्या वारी आणि सकाळी लवकर पोचणाऱ्याला. शनिवार-रविवारी बोट आधी ठरवलेली बरी, आणि ओळखपत्राच्या प्रती, सुटे पैसे व दिवसभराचे खाणे-पाणी साताऱ्यातच घेऊन निघावे.

कास पठाराचा निर्णय मात्र खरोखर अवघड आहे, कारण तिथे प्रवेश मोजका आहे आणि ज्यासाठी जायचे ते कधी दिसेल हे सांगता येत नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून पठाराचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, आणि गर्दी वाढल्यामुळे फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालून ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. ही मर्यादा पठारासाठी आवश्यकच आहे. बहर साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो, पण पावसाला उघडीप किती मिळते आणि ऊन कधी पडते यावर तो पुढे-मागे होतो. गेंद, तेरडा, सीतेची आसवे, कवला ही सगळी फुले एकाच आठवड्यात मिळतीलच असे नाही, आणि टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. मुंबई-पुण्याचे पाहुणे महिनाभर आधी रविवार ठरवून टाकतात आणि नेमके त्या दिवशी पठारावर धुके आणि संततधार असते. माझा सल्ला असा की हंगामातला एक आठवडा निवडावा, दिवस निवडू नये. साताऱ्यातल्या नातेवाइकांकडून किंवा अलीकडे जाऊन आलेल्यांकडून बहराचा अंदाज घ्यावा, मधला वार धरावा आणि तीन-चार दिवस आधी नोंदणी करावी. ज्यांना रविवारशिवाय जमतच नाही त्यांनी नोंदणी लवकर करावी, पण साताऱ्यातला मुक्काम रद्द करता येईल असाच घ्यावा आणि पाऊस लागला तर ठोसेघर किंवा सज्जनगड हा दुसरा बेत मनात ठेवावा.

मुक्काम: कोणत्या रात्री पक्क्या कराव्यात

मुक्कामाच्या बाबतीत माझे मत असे आहे की पहिली रात्र नेहमी पक्की असावी. लांबचा प्रवास करून माणूस दमलेला असतो, गाव नवे असते आणि गाडीला उशीर झाला तर पोचायला रात्र होते. अशा वेळी समोर येईल ती खोली म्हणेल त्या भाड्याला घेतली जाते. ज्या रात्री अंधार पडल्यावर पोचायचे आहे ती कोणतीही रात्र पहिल्या रात्रीसारखीच समजावी. परतीची गाडी पहाटेची असेल तर शेवटची रात्रही स्थानकाजवळ पक्की करावी. मधल्या रात्री मात्र, मोठी सुट्टी नसेल तर, मोकळ्या ठेवायला हरकत नाही, आणि प्रवासाचा खरा आनंद बहुधा त्याच रात्री देतात: एखादे गाव आवडले म्हणून एक दिवस वाढवता येतो, नाही आवडले तर सकाळीच निघता येते.

ही मोकळीक सगळ्यांना सारखी परवडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बरोबर गुडघे दुखणाऱ्या आजी असतील, औषधांच्या वेळा सांभाळायच्या असतील किंवा तान्हे मूल असेल तर चार लॉजचे जिने चढून खोल्या पाहणे शक्य नसते. एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रीने संध्याकाळी जागा शोधत फिरावे असा सल्ला मी देणार नाही. काही लॉजवाले एकट्या पुरुषाला किंवा लग्न न झालेल्या जोडप्याला खोली नाकारतात, हेही वास्तव आहे. अशा सर्वांनी निदान आदल्या दिवशी तरी पुढची रात्र ठरवून घ्यावी. धार्मिक स्थळी उलटा अनुभव येऊ शकतो: काही संस्थानांच्या भक्तनिवासात आगाऊ नोंदणी घेतच नाहीत, आल्यावरच खोली देतात, म्हणून तिथे सकाळी पोचण्याचा प्रयत्न करावा.

वाटेत जागा शोधायची तर दुपारच्या जेवणाच्या वेळी शोध सुरू करावा आणि चारच्या आत गावात पोचावे. मोबाईलवर तीन-चार ठिकाणे पाहून थेट लॉजवर फोन करावा, कारण मध्यस्थ संकेतस्थळावर 'भरले' दिसत असतानाही मालकाकडे एखादी खोली शिल्लक असते आणि अनेकदा भाडेही कमी सांगितले जाते. फोनवर मोघम बोलू नये. "काका, आम्ही चौघे आहोत, त्यातल्या आजींना जिना चढता येत नाही, तळमजल्याची खोली आहे का? रात्री नऊ वाजले तरी ठेवाल ना? आगाऊ किती पाठवू, आणि काही कारणाने आलो नाही तर त्यातले किती परत मिळतील?" एवढे विचारले की पुढच्या बहुतेक कटकटी टळतात. ठरलेले भाडे आणि तारीख मेसेजवर लिहून घ्यावी. प्रत्यक्ष गेल्यावर सामान उतरवण्याआधी खोली पाहावी, नळ सोडून पाणी येते का आणि गरम पाणी किती ते किती मिळते हे पाहावे, आणि पैसे एकाच रात्रीचे द्यावेत. आवडले तर सकाळी दुसरी रात्र वाढवून घेता येते. डोंगरातल्या गावांत फोनला रेंज नसते, म्हणून तिकडची चौकशी घाट चढण्याआधीच उरकावी.

पाऊस, पूर आणि रद्द करण्याची किंमत

जून ते सप्टेंबर या काळात आपल्या भागात आरक्षण करणे म्हणजे हवामानावर पैसे लावणे होय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला तेव्हा सांगली शहरात पाणी शिरले आणि कोल्हापूरजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग बंद झाला. आंबेनळी आणि कुंभार्लीसारख्या घाटांत दरड कोसळून वाहतूक थांबणेही नवे नाही. या महिन्यांत रद्द करता येणारेच आरक्षण घ्यावे, जरी ते थोडे महाग पडले तरी.

किती महाग परवडेल याचा एक सोपा हिशेब आहे. समजा, रद्द करता येणारी खोली २,५०० रुपयांना आहे आणि पैसे परत न मिळणारी तीच खोली २,००० रुपयांना आहे. फरक ५०० रुपयांचा, म्हणजे मोठ्या रकमेच्या पाचव्या हिश्श्याचा आहे. असे पाच बेत आखले तर त्यातला एक मोडेल असे वाटत असल्यास दोन्ही सौदे सारखेच. त्याहून जास्त मोडतील असे वाटत असल्यास महागडी खोलीच स्वस्त. डिसेंबरातल्या लग्नासाठी जायचे असेल तर बेत मोडण्याची शक्यता जवळपास नसते, तेव्हा बिनपरताव्याची खोली खुशाल घ्यावी. जुलैमधल्या धबधब्यांच्या सहलीला तसे करू नये. रद्द करण्याची शेवटची तारीख आणि वेळ कागदावर लिहून ठेवावी, कारण 'मोफत रद्द' हे शब्द नेहमी एखाद्या मुदतीपर्यंतच खरे असतात. रेल्वेच्या तिकिटातही गाडी सुटायची वेळ जवळ येईल तशी कपात वाढत जाते, म्हणून जायचे नाही हे कळले त्याच दिवशी रद्द करावे.

हंपीचा बेत या पद्धतीने

आता सुरुवातीच्या हंपीच्या बेताकडे येऊ. घरात सहा माणसे, त्यांत आजी-आजोबा आणि दोन मुले, स्वतःची गाडी आणि दिवाळीनंतरचे पाच दिवस, असे धरू. सांगलीहून जतमार्गे विजयपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, पुढे बदामी, आणि तिथून होसपेटेमार्गे हंपी. रस्ता आपल्या हातात असल्यामुळे रेल्वेचा प्रश्नच नाही, आणि देवळे-लेणी पाहण्यासाठी आधी वेळ घ्यावी लागत नाही. म्हणजे कागदावर मोजकी गोष्ट एकच उरते, ती मुक्कामाची.

त्यातही सगळे मुक्काम सारखे नाहीत. बदामी लहान गाव आहे, चांगल्या खोल्या थोड्या आहेत, आणि पट्टदकल व ऐहोळे पाहणारे बहुतेक सगळे तिथेच राहतात; म्हणून बदामीच्या रात्री सर्वांत आधी घ्याव्यात. होसपेटे मोठे शहर आहे, तिथे हॉटेले पुष्कळ आहेत आणि हंपी तिथून तेरा-चौदा किलोमीटरवर आहे. त्यामुळे हंपीच्या अगदी जवळच राहायचे असेल तरच खूप आधी घ्यावे, नाहीतर होसपेटेची खोली आठवडाभर आधी घेतली तरी चालते. राज्योत्सव जोडून आला असेल तर मात्र दोन्ही ठिकाणांची सोय एकदमच करावी. पहिल्या दिवशी विजयपूरला गोल घुमट पाहून पुढे बदामीला जायचे असेल तर सांगलीहून पहाटे निघावे, म्हणजे घुमटाच्या सज्जात गर्दीचा गलका सुरू होण्याआधी पोचता येते आणि बदामीला दिवसाउजेडी उतरता येते.

परतीची रात्र मुद्दाम मोकळी ठेवावी. होसपेटेहून सकाळी निघाल्यावर दुपारच्या जेवणापर्यंत आजी-आजोबांची तब्येत आणि मुलांचा उत्साह दोन्ही कळतात. मंडळी ताजी असतील तर थेट सांगली गाठावी; थकलेली असतील तर जेवणाच्या टेबलावरूनच विजयपूरच्या दोन-तीन लॉजवर फोन करून तळमजल्याची खोली आहे का ते विचारावे. विजयपूर जिल्ह्याचे ठिकाण असल्यामुळे मधल्या वारी तिथे जागा मिळायला अडचण येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला घरी पोचता येते.